बालवर्गाची तपासणी

तपासनीस मॅडमनी वर्गात पाऊल टाकलं मात्र, बालवर्गातल्या सगळ्या पोरांनी एका सुरात 'आऽऽ' करून जिभा बाहेर काढल्या.

दारात उभ्या मोठ्या बाईंचा चेहरा पडला. उद्या तपासणी आहे, शहाण्यासारखं वागा, असं काल त्यांनीच दरडावून सांगितलं होतं. पोरं शहाण्यासारखीच वागत होती. तपासणी म्हटलं की डॉक्टर, आणि डॉक्टर म्हटलं की जीभ.

वर्गाच्या बाईंची पंचाईत झाली. आज मॅडमचं मत चांगलं पडलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरची वाट. मुलं कशात रमतात, काय विचारतात, स्वतःच्या डोक्याने काय करतात, एवढंच मॅडम बघणार होत्या. त्यासाठी बाईंनी खपून कापडाचा सिंह शिवला होता. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. सगळ्यांचे डोळे मॅडमच्या पिशवीवर. सुई तिथेच असणार.

मोठ्या बाई डोळ्यांनी सिंहाकडे खुणावत होत्या. बाईंनी सिंह खाली ठेवला. पोरांचं मन जाईल तिकडे आपण जायचं, हे त्यांचं पहिल्यापासूनचं. नोकरीपायी ते बदलायचं नव्हतं. त्यांनी चित्रकलेच्या कागदाची सुरळी केली आणि म्हणाल्या, "चला, आज आपणच डॉक्टर."

मग काय विचारता! ज्याच्या त्याच्या हातात सुरळी, जो तो दुसऱ्याची छाती ऐकतोय. धावून आलं की जोरात का वाजतं? पोट वेगळं का बोलतं? भिंतीला छाती असते का? सिंहालाही तपासलं. त्याचं बंद आहे, असा निकाल लागला. लगेच दोघंजण त्याची शिवण उसवून आत खडे भरायला बसले. बाईंनी अडवलं नाही.

मॅडम कोपऱ्यात ताठ बसून होत्या. हातात पेन, चेहऱ्यावर हसू नाही. गेली तर गेली नोकरी, बाईंनी मनाशी म्हटलं. तेवढ्यात वर्गातली सगळ्यात छोटी, जिला सगळे मुंगी म्हणत, ती सरळ मॅडमपाशी गेली आणि त्यांच्या छातीला सुरळी लावून उभी राहिली.

"तुमचं खूपच धडधडतंय."

मॅडमनी दाराकडे पाहिलं. मोठ्या बाई वैतागून केव्हाच निघून गेल्या होत्या.

"आज माझी पहिलीच तपासणी आहे ना," त्या हळूच म्हणाल्या.

मुंगीने समजूतदारपणे मान हलवली. "पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं. आमच्या बाईंनी सांगितलंय. आता जीभ दाखवा."

बाईंची नोकरी ज्यांच्या हातात होती, त्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि मोठ्ठा 'आ' केला.