पिच्चर कसा वाटला?

शहाण्णव साली डोंगरकड्याच्या बायका वसमतच्या बाजाराला गेल्या, तेव्हा शेजारच्या रागिणीच्या हट्टापायी दुपारचा सिनेमाही बघून आल्या. शेवटी गोळी लागलेला हिरो आईच्या मांडीवर डोकं ठेवून कितीतरी वेळ बोलतो, बायकोसाठी निरोप देतो आणि मगच डोळे मिटतो. परतीच्या एसटीत सगळ्या अजून पदरानं डोळे पुसत होत्या.

भागाबाईला मात्र सिनेमा आवडला नव्हता.

"खोटा हाये पिच्चर," ती म्हणाली. "मरतं मानूस कुठं येवढं बोलतं? आमच्या शिवहारला साप चावला, तवा त्याची जीभच जड पडली. माझ्या मांडीवर व्हता, पर त्याला 'माय' सुदिक म्हनता आलं न्हाई."

बोलून गेली आणि तिनं चपापून शेजारी बसलेल्या सुनेकडं पाहिलं.

शिवहार गेला तेव्हा अंजली बाळंतपणाला माहेरी होती. "तुझंच नाव घेतलं गं त्यानं. अंजलीला म्हनावं, लेकराला जप, असं बोलून गेला," हे तिला भागाबाईनंच सांगितलं होतं. त्या बोलण्याच्या आधारावर अंजलीनं दोन वर्षं काढली होती.

भागाबाईनं सुनेला काय सांगितलं होतं, हे रागिणीला ठाऊक नव्हतं. पुढच्या सीटवरून वळून तिनं विचारलं, "अन् अंजले, तुला कसा वाटला गं?"

अंजलीनं सासूचा हात आपल्या हातात घेतला.



"मला तर खरा वाटला," ती म्हणाली.