मफलरची जुळणी

नवरा गेल्यापासून त्याचा करडा मफलर गळ्यात घालूनच ती घराबाहेर पडायची. तोच बसमध्ये राहिला. हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात लोकांनी लिहिलेली वर्णनं संगणकच वाचायचा आणि कुठली वस्तू कोणाची ते ठरवायचा. "करडा मफलर" एवढ्यावर त्याने भलतेच मफलर दाखवले. खिडकीतली मुलगी म्हणाली, "काकू, आठवेल तेवढं सगळं लिहा. त्याला शब्दांवरूनच कळतं." तिने सिगारेटने पडलेलं भोक लिहिलं, हिरव्या दोऱ्याचं रफू लिहिलं, त्या भोकावरून झालेलं भांडणसुद्धा लिहिलं. आठवड्याने निरोप आला. ती धावतपळत पोहोचली. मुलीने घडी केलेला मफलर पुढे ठेवला. "बरोब्बर ओळखला बघा. आम्ही स्वच्छ धुऊनही ठेवलाय." वर्षभर तो पाण्यात घातला नव्हता तिने. तिने तो नाकाशी नेला. नुसता साबणाचा वास आला. "तुमचाच ना, काकू?" "हो," ती म्हणाली, "आता माझाच."