तीनशे वॅटचा बेस

नागपूरकडच्या गोरेगावच्या भीमगीतांच्या पार्टीत संघदीप बेस गिटार वाजवायचा, पण ढोलक आणि बेंजोच्या दणक्यात तो कुणालाच ऐकू येत नसे. "तुमी खरंच वाजवता, का नुसते उभे राहता?" असं बायकोनं, पिंकीनं, चारचौघांत विचारलं, तेव्हा मात्र गिटारचा आवाज वाढवणारा अँप घ्यायला तो थेट नागपूरच्या दुकानात जाऊन धडकला.

"भैया, ट्यूबवाला है, हॉल के लिए सौ वॅट भी बहुत होता है," दुकानदार म्हणाला.

"हॉल कुठचा भाऊ, आमचं खुल्लं मैदान हाय. तीनशेचाच द्या."

दोघांनी मिळून उचलावा लागणारा तो अँप पुढच्या कार्यक्रमात स्टेजवर चढला. अँपमधल्या ट्यूब तापल्या, संघदीपनं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि त्याचा एकेक सूर पार मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या छातीत जाऊन धडकू लागला. पहिल्यांदाच सगळे त्याच्याकडे वळून बघत होते. तो हरखून गेला.

कार्यक्रम संपल्यावर मुख्य गायक खेमराजदादा जवळ आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.



"संघदीप, इतके वर्षं आमी सारे समजून राहिलो होतो गा, का तू चांगला वाजवते."