नवरीचा फोटोग्राफर

माझ्या मुलीला, मेलेआनेला, लग्नात एकच गोष्ट हवी होती: नवरीच्या वेषातला स्वतःचा एक सुंदर फोटो. पण फोटोग्राफर निवडणार होती माझी थोरली बहीण उंगातेआ, कारण आमच्या टोंगा बेटांवर लग्नातला सगळ्यात मोठा मान नवरीच्या आत्याचा. मानाच्या चटया आणि केकसुद्धा तिच्याकडेच जातात. बहिणीपुढे मी कधी बोललो नाही, आणि फोटोतलं मला काही कळतं याचीही खात्री नव्हती.

"ह्यात आत्या कुठाय?" म्हणत उंगातेआने पहिल्या फोटोग्राफरचा नमुन्याचा अल्बम मिटला. दुसऱ्यात आत्या कोपऱ्यात होती. तिसऱ्यात आत्या पानभर होती आणि नवरी अंधुक.

"हा खरा कलाकार!"

लग्नानंतर अल्बम आला. आत्या चटयांवर, आत्या केकपाशी, आत्या डुलकी काढताना. नवरीचा फक्त हात दिसला, तोही आत्याला वारा घालताना.

"आत्या, माझा एकही फोटो नाही गं!" मेलेआने रडू लागली.

"वेडाबाई, तुझ्या भावाला मुलगी होऊ दे. तिच्या लग्नात बघ, सगळे फोटो तुझेच!"



मेलेआने आता भावासाठी मुली बघते आहे, आणि मला रोज बजावते, "बाबा, त्या फोटोग्राफरचा नंबर जपून ठेवा हं."