हेल्मेटमधली तीट

वरद पंधरा वर्षं इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या संघाकडून आइस हॉकी खेळला. डिफेन्समन, म्हणजे गोलकीपरसमोर उभं राहून मार झेलणारा. प्रत्येक मॅचआधी आई त्याच्या हेल्मेटला आतून काजळाची तीट लावायची. "दृष्ट गोल मारणाऱ्यांना लागते, आई. माझ्याकडे कोण बघतंय?" तो हसायचा, पण पुसायचा नाही. आज शेवटची मॅच संपली. निरोपाची फेरी मारायला तो हेल्मेट काढून बर्फावर उतरला आणि अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवत उभं राहिलं. आई मात्र धावतपळत कठड्यापाशी आली. "वरद, इकडे ये आधी!" "काय झालं?" "उघड्या डोक्याने फिरतोयस! एवढी माणसं बघतायत. वाक." नाक दोनदा मोडलेला, दाढी पिकलेला तो धिप्पाड माणूस निमूट वाकला. आईने त्याच्या कानामागे तीट लावली, बोटाचं काजळ त्याच्याच केसांना पुसलं आणि प्रेक्षकांकडे वळून म्हणाली, "आता वाजवा टाळ्या."