शिकाऱ्याची बंदूक

"जावईबापू, वडील गेले म्हणून एवढ्या मोठ्या शिकाऱ्याची बंदूक पोलिसांत जमा करताय? दिवाणखान्यात टांगा की!" सासऱ्यांचं बोलणं ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. लग्न जुळवताना शिकारीची थाप त्यानेच मारली होती. वडील खरं तर बँकेच्या दारातले पहारेकरी. घरची परवान्याची बंदूक होती म्हणून त्यांना ती नोकरी लागली, त्या पगारावरच तो शिकला. ती थाप वडिलांनीही मान खाली घालून ऐकून घेतली होती. आता आई काय बोलते, या धास्तीने त्याने तिच्याकडे पाहिलं. बंदूक पुसत बसलेल्या आईने पट्ट्यावरचं बँकेचं नाव हळूच तळहाताखाली झाकलं. "हो ना," ती हसली, "वाघसुद्धा टरकून असायचे त्यांना." सासरे खूश होऊन घरी गेले. तिने पट्टा सरळ केला. "उद्याच जमा करून ये," ती म्हणाली. "भिंतीवर लावलीस, तर मला रोज खोटं बोलावं लागेल."