तांब्याभर पाणी

डोंगरकडा गावाच्या अलीकडे रत्नपालच्या जुन्या छोट्या गाडीचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. त्याने गाडी लिंबाखाली घेतली. मागच्या सीटवर त्याची आई, कमलबाई, नांदेडला डायलिसिसला निघालेली. किडन्या निकामी झाल्यापासून तिला पाणीसुद्धा मापाने मिळायचं. जास्त झालं की ते छातीत चढायचं आणि दम लागायचा. माप घालायचं काम रत्नपालचं. पोटच्या पोराने आईला पाणी मोजून द्यावं, यासारखं वाईट काम नाही, असं त्याला रोज वाटायचं. आणि रोज तो ते करायचा.

तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं तर तोंड भाजतं, एवढं त्याला ठाऊक होतं. तो नुसता उभा राहिला. आईकडे बघायचा, रस्त्याकडे बघायचा, झाकणाला बोट लावून मागे घ्यायचा. डिकीतल्या डब्यात हिरवं कूलंट तळाशीच उरलं होतं. वर पाणी लागणारच होतं, आणि बोअरचं घातलं तर आत क्षार धरतो, असं मिस्त्रीने बजावलेलं. म्हणजे गाडी अन् म्हातारी, दोघींचं पथ्य सांभाळता सांभाळता पोराच्या नाकी नऊ आले होते.

शेजारच्या रानात हळद शिजवणं चाललं होतं. गाडी बंद पडलेली पाहून तिथून एक बाई आली, कडेवर कळशी, हातात तांब्या. आपण तांड्यावरची रूपाबाई, असं तिनेच सांगितलं.

"जारचं हाय, बोअरचं न्हाई. घाला गाडीला," म्हणत तिने कळशी खाली ठेवली आणि तांब्या घेऊन ती खिडकीशी गेली. "घ्या माय. ऊन लई हाय."

झाकण आता हाताला सोसण्याइतकं निवलं होतं. रत्नपाल त्यावर फडकं दाबून ते जरा जरा फिरवत होता. आतली वाफ फुसफुसत निघत होती, हात सोडता येईना.

"तिला नको," तो तिथूनच म्हणाला. घाईत म्हणाला, म्हणून जरा तोडूनच म्हणाला.

रूपाबाईचा चेहरा उतरला. "काहून? आमच्या हातचं चालत न्हाई का?"

आई आजारी आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण त्याने तोंड उघडेपर्यंत कमलबाईने तांब्या हातात घेतला होता.

"चालतं की, बाई. माझ्या मायला लोकं लांबून, वरून ओंजळीत पाणी घालायचे. मी कशी कुनाला न्हाई म्हनू?"

मान राखायला घोटभर घेईल, असं रत्नपालला वाटलं. ती डोळे मिटून पीत राहिली. तांब्या रिकामा करूनच तिने तो परत दिला आणि पदराने तोंड पुसलं. इतकी तृप्त आई त्याने कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. तांब्या हिसकावून घ्यावा असं मघाशी मनात आलं, त्याची त्याला लाज वाटली. आणि हिसकावला नाही याची भीती.

"आता कसं," रूपाबाई हसली.

तिला खरं सांगितलं असतं तर बिचारीच्या जिवाला जन्माचा घोर लागला असता. त्याने कूलंट ओतलं, वर कळशीतलं पाणी घातलं, झाकण घट्ट केलं आणि तिला हात जोडून तो निघाला.

गाडी आता गुमान चालली होती. त्याचे कान मात्र मागच्या सीटवर होते. अर्धापूर यायच्या आधीच त्याला राहवेना.

"आई, दम लागून राहिला का?"

"न्हाई रे. तू पुढं बघून चालव," कमलबाई म्हणाली. झळ लागते म्हणून लिंबाखालून निघताच तिने स्वतःच लावून घेतलेली काच ती हळूहळू खाली करत होती.